वायफाय जोडलेलं दिसतं, पण लॅपटॉपवर नेट चालत नाही. आयपी, गेटवे, डीएनएस यांपैकी नेमकं काय बिघडलंय हे कसं ओळखायचं?

तुमचा लॅपटॉप 'कनेक्टेड, नो इंटरनेट' दाखवतो आणि त्याच वायफायवर मोबाइल चालतो. मोबाइलचा डेटा बंद ठेवूनही तो चालत असेल, तर बाहेरून येणारी लाइन ठीक आहे. कंपनीला फोन लावायच्या आधी लॅपटॉपला कोणता आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळालाय ते बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग /ऑल' (ipconfig /all) ही कमांड इंग्रजीत द्या. भलीमोठी यादी येईल, त्यातला फक्त वायफाय अडॅप्टरचा भाग वाचा. व्हीपीएन किंवा व्हर्च्युअल मशीनचे अडॅप्टरही त्यातच असतात, आणि लोक हमखास त्यांचाच आकडा वाचून मोकळे होतात.

आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर तो राउटरने दिलेलाच नाही. राउटरमधली डीएचसीपी सेवा प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटते. तिच्याकडून उत्तर आलं नाही की विंडोज स्वतःच या गटातला पत्ता घेतं, आणि त्यावर इंटरनेट चालत नाही. 'आयपीकॉन्फिग /रिलीज' आणि मग 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' करा. तरी तेच आलं, तर राउटरची वाटायच्या पत्त्यांची मर्यादा संपलीय का ते बघा.

आयपी १९२.१६८.१.२३ असा काहीतरी असेल, तर तो घरातल्या नेटवर्कपुरता पत्ता आहे. शेजाऱ्याकडेही हाच असू शकतो, कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठीच राखलेले आहेत. बाहेर जाताना राउटर त्याजागी स्वतःचा पत्ता लावतो, यालाच नॅट म्हणतात. सबनेट मास्क, म्हणजे घरातल्या नेटवर्कची हद्द सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.० असेल, तर आयपीतले टिंबांनी तोडलेले पहिले तीन आकडे सारखे असलेलीच उपकरणं एकमेकांशी थेट बोलतात. गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार, घरात बहुधा राउटरच. म्हणून आयपी १९२.१६८.१.२३ आणि गेटवे १९२.१६८.०.१ ही जोडी चालणार नाही. 'डीएचसीपी एनेबल्ड' समोर 'नो' असेल, तर हाताने घातलेला आयपी तसाच राहिलाय, बहुधा ऑफिसातला. सेटिंगमध्ये जाऊन तो 'ऑटोमॅटिक' करा.

आता 'डीएचसीपी सर्व्हर' ही ओळ बघा. ती फारसं कुणी वाचत नाही, पण घरात दोन राउटर असतील तर सगळी गोम तिथेच असते. जुना राउटर रेंज वाढवायला लॅन ते लॅन (घरातली उपकरणं जोडायची पोर्ट) केबलने जोडतात आणि त्याची डीएचसीपी बंद करायला विसरतात. मग दोघंही पत्ते वाटतात, आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता उपकरण सहसा उचलतं. जुन्याचा मिळाला की गेटवे म्हणूनही तोच लागतो, आणि त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरची लाइन जोडायच्या जागी, तर काहीच नाही. एक उपकरण चालतं, दुसरं नाही, उद्या उलटं, असा घोळ बहुतेक यातूनच होतो. जुन्याची डीएचसीपी बंद करा आणि मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता द्या. केबल जुन्याच्या लॅन पोर्टमध्येच ठेवा.

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर पिंग करा, म्हणजे समोरून उत्तर येतं का ते कमांडने तपासा: आधी गेटवेला, मग ८.८.८.८ (गुगलचा डीएनएस सर्व्हर) ला, मग एखाद्या साइटच्या नावाला. पहिलं अडलं तर वायफाय किंवा राउटर. दुसरं अडलं तर राउटरच्या पुढची बाजू किंवा राउटरनेच या लॅपटॉपला केलेलं ब्लॉक. फक्त तिसरं अडलं तर डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणारी सेवा. त्यासाठी 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' करा, नाहीतर डीएनएसमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घाला. पिंगच्या शेवटी 'लॉस्ट = ०' दिसलं म्हणून खूश होऊ नका. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' हेही विंडोज उत्तर म्हणूनच मोजतं, तेव्हा वरच्या ओळी वाचा. शिवाय काही फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाहीत.

तिन्ही पिंग जातात आणि फक्त ब्राउझर अडतो, असं असेल तर नेटवर्क सोडा. प्रॉक्सी (ब्राउझर आणि साइट यांच्यामधला मध्यस्थ सर्व्हर) चालू राहिलीय का आणि लॅपटॉपची तारीख बरोबर आहे का ते तपासा. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट अवैध ठरतं आणि पान उघडत नाही.