खिडकी सोडणारा माणूस

ताई,
मी 66 वर्षांची, हे 71. लग्नाला 43 वर्षं झाली. राहायला नौपाड्यात. हे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला 34 वर्षं होते. रिटायर झाल्यावर मनसोक्त फिरायचं ठरवलं होतं आणि फिरतोही, पण आता मी धसका घेतलाय. मागच्या वर्षी काशीला निघालो. कल्याणला गाडीचा प्लॅटफॉर्म बदलला, तशी अनाउन्समेंट झाली. मी बाथरूमला गेले होते आणि हे बॅगांपाशी आपले ढिम्म बसून. शेवटी जिना चढून-उतरून पळालो, बॅगेचं चाक तुटलं. इटारसीला हे पाणी भरायला उतरले. गाडी हलली तरी यांची पाठ गाडीकडेच! कसेबसे मागच्या डब्यात चढले आणि डबे पार करत चाळीस मिनिटांनी आले. तोवर रडून रडून माझे डोळे सुजले. काशीला हॉटेलच्या मुलाने टॅक्सी सात वाजता येईल म्हणून सांगितलं, यांनी मला सांगितलं आठ. टॅक्सी गेली, सारनाथ राहिलं. काही बोलावं तर गप्प बसतात, नाहीतर भलतंच उत्तर देतात. हट्ट मात्र कायम. जन्मभर खिडकीसाठी भांडणारा हा माणूस हल्ली खिडकी मला देतो आणि माझ्या उजव्या हातालाच बसायचं म्हणून अडून बसतो. आता यांना रेल्वेने काश्मीरला जायचंय, चिनाबचा पूल बघायला. वहीभर वेळापत्रक लिहून ठेवलंय. मुलगा म्हणतो, टूरबरोबर विमानाने जा, नाहीतर जाऊच नका. मी रद्दच करणार आहे. या वयात एवढ्या निष्काळजी झालेल्या माणसाला समजवायचं कसं?
— एक दमलेली बायको, ठाणे

ताई,

तुमचं मूळ पत्र पाच पानी आहे, इथे कापून दिलंय. इटारसीवर तुम्ही दीड पान लिहिलंत आणि खिडकीवर एकच ओळ. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग एका कागदावर दोन गोल काढले, एक तुमचा, एक त्यांचा. तुम्ही खिडकीशी, ते तुमच्या उजव्या हाताला. आता सांगा, त्यांचा कोणता कान तुमच्याकडे येतो?

डावा.

आज संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारायला जाल तेव्हा मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूने चाला. माझी खात्री आहे, चार पावलं जायच्या आत ते काहीतरी निमित्त काढून मागून वळसा घालतील आणि तुमच्या पलीकडे येतील. तुम्ही याला हट्ट म्हणता. अहो, त्यांना तुमचं बोलणं ऐकायचंय! उजव्या कानाने ते नीट ऐकू येत नाही म्हणून जन्मभर प्रिय असलेली खिडकी त्यांनी सोडली आणि ज्या कानात अजून धुगधुगी आहे तो तुमच्याकडे केला. आणि तुम्ही मला विचारताय की या निष्काळजी माणसाला समजवायचं कसं.

आता तुमचा प्रवास पुन्हा आठवून बघा. कल्याणला ते ढिम्म बसले नव्हते. पत्र्याच्या छपराखाली घुमणाऱ्या भोंग्यातून बाईचा बारीक आवाज येतो, शेजारच्या फलाटावर लोकल धडधडत असते, त्यातून शब्द वेगळे काढणं चांगल्या कानालाही जड जातं. त्यांच्यापर्यंत नुसता गोंगाट पोचला. इटारसीला विजेचं इंजिन किती हळूच गाडी उचलतं ते तुम्हाला माहीत आहे. नळ धो धो वाहतोय, शिट्टी पार पुढच्या टोकाला वाजली, मागे वळून बघायचं त्या माणसाला सुचणार कसं?

आणि सात-आठचा घोळ तर मला सगळ्यात स्पष्ट वाटतो. वयाने किंवा आवाजाच्या माऱ्याने कान जातो तेव्हा आधी बारीक, तीक्ष्ण ध्वनी जातात. स, श, फ, थ, असे. जाड आवाज, स्वर, ते बराच काळ टिकतात. म्हणून अशा माणसाला आपण बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. ‘सात’मधला स काढून टाका आणि मोठ्याने म्हणून बघा. काय उरतं? हॉटेलच्या मुलाने सात म्हटलं होतं, त्यांना आठ ऐकू आलं आणि जे ऐकू आलं तेच त्यांनी प्रामाणिकपणे तुम्हाला सांगितलं. त्यावरून सारनाथ बुडवल्याचा ठपका वर्षभर त्यांच्या माथी आहे.

भलतंच उत्तर देतात म्हणता, तेही याच्यातलंच. गप्प बसणंही.

34 वर्षं प्रेस शॉप! रोज आठ तास 85 डेसिबलच्या वरचा आवाज वर्षानुवर्षं कानावर पडत राहिला तर आतल्या शंखातल्या नाजूक केसपेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा आवाज त्याहून कितीतरी वरचा. दर ठोक्याला जमीन हादरते. त्या काळी कानात बोळा घालायला कोण सांगत होतं? त्या ठोक्यांवर तुमचं घर चाललं, मुलगा शिकला. वागळे इस्टेट 1962 पासून उभी आहे, तिथून पेन्शनीत निघालेल्यांच्या किती घरांत आज टीव्हीचा आवाज मोठा असतो, कधी शेजारीपाजारी कान देऊन बघा.

माझे वडील गिरणीत होते. शेवटची आठ-दहा वर्षं आम्ही म्हणायचो, बाबा फार तुटक झाले. दिवाळीला नातवंडांनी गाणी म्हटली की आधी ते आमच्या हातांकडे बघायचे, आम्ही टाळ्या वाजवल्या की मग वाजवायचे. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि तरी मला काही सुचलं नाही. त्यांचा कान आम्ही कुणी एकदाही तपासून घेतला नाही. म्हणून तुमच्यावर मी जरा जास्तच चिडलेय, आणि ते मी मागे घेणार नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही अगदी बरोबर टिपलीत, त्यांची वही. कटऱ्यापर्यंत स्वराज एक्सप्रेसने, पुढे वंदे भारत, कुठल्या स्टेशनात गाडी किती वाजता, सगळं लिहिलेलं. निष्काळजी माणूस वही लिहीत बसत नाही, ताई. कानावर भरवसा राहिला नाही म्हणून ते डोळ्यांच्या हवाली झालेत. कागदावरचं सात हे सातच राहतं.

तेव्हा काश्मीर रद्द करायचं नाही. मुलाला सांगा, टूरने हा प्रश्न सुटत नाही. बसमध्ये पुढे उभा राहून माइकवर ओरडणारा टूर मॅनेजर म्हणजे पुन्हा कल्याणचा भोंगाच, आणि इथे तर चाळीस माणसांसमोर फजिती.

तुम्ही एकच करा. या आठवड्यात दोघांचेही कान तपासून घ्या. दोघांचे म्हणतेय मी. ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ हे वाक्य घरात उच्चारू नका. ‘आपण आता सत्तरीकडे आलो, प्रवासाआधी दोघं कान दाखवून येऊ’ एवढंच म्हणा, ते खरंही आहे. कळव्याच्या महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. वांद्र्याला रेक्लमेशनवर अली यावर जंग संस्था आहे, 1983 पासून हेच काम करते. नाहीतर तुमच्या ओळखीचे कानाचे डॉक्टर. डॉक्टर आधी कानात दिवा घालून बघतील. कधी कधी नुसता घट्ट मळ निघतो आणि निम्मं काम तिथेच होतं. मग ऑडिओमेट्री. आवाजबंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, बारीकशी टिक ऐकू आली की बटण दाबायचं. दुखत नाही, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. त्या खोलीत आधी तुम्ही जाऊन बसा. काचेतून त्यांना तुमचा चेहरा दिसू दे, बटण दाबताना तुमचीही धांदल उडालेली दिसू दे. त्यानंतर ते आत जायला कां-कूं करणार नाहीत.

डॉक्टरकडेच जा हे मुद्दाम सांगते. एक कान दुसऱ्यापेक्षा बराच कमी असेल तर त्याचं कारण बघावं लागतं, कानाचं मशीन विकणाऱ्या दुकानात ते बघत नाहीत. ऑनलाइन काहीतरी मागवून त्यांच्या कानात घालू नका.

यंत्र लावायला सांगितलं तर लगेच लावा, कारण तुमच्या हातात वेळ मोजका आहे. रेल्वेचं आरक्षण हल्ली गाडीच्या 60 दिवस आधी उघडतं. तिकीट हातात पडल्यापासून निघेपर्यंतचे दोन महिने यंत्राची सवय व्हायला लागतातच. पहिले काही दिवस त्यांना भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, स्वतःच्या चपलेचा आवाजही नको नको होईल. कितीतरी वर्षांनी हे आवाज परत आलेत, मेंदूला ते पुन्हा ओळखावे लागतात. ते काढून कपाटात ठेवतील, तुम्ही परत द्या. घरात सुरुवात करा, मग तलावपाळी, मग एक दिवस संध्याकाळचं ठाणे स्टेशन. गर्दीत यंत्रालाही मर्यादा येतात, तेव्हा प्लॅटफॉर्म कुठला ते इंडिकेटरवर आणि फोनवर बघायचं काम तुमचं. आणि बोलायचं ते समोर येऊन, स्वयंपाकघरातून हाक मारून नाही.

आता त्या पुलाविषयी. 6 जून 2025 ला तो सुरू झाला. नदीच्या तळापासून 359 मीटर उंच, 1,315 मीटर लांब, सगळी कमान पोलादाची. आयुष्यभर पत्र्याला आकार दिलेल्या माणसाला तो का बघायचाय हे तुम्ही त्यांना विचारलंत का कधी? विचारा. डाव्या बाजूला बसून विचारा.

त्या मार्गावर कटऱ्याहून बनिहालपर्यंत बहुतेक वाट बोगद्यांतून जाते. अंधार, चाकांचा घुमणारा आवाज, त्यातून एकदम उजेड आणि खाली चिनाब, मग पुन्हा अंधार. सगळा खेळ मिनिटा-दोन मिनिटांचा. तेव्हा त्या गाडीत खिडकी त्यांची. फक्त ती त्यांच्या उजव्या हाताला आली पाहिजे, म्हणजे काचेकडे उजवा कान आणि तुमच्याकडे डावा. तशी जागा मिळाली नाही तर डब्यातल्या कुणालाही विनवा, पण अदलाबदल करून घ्या. आणि बोगद्याच्या तोंडाशी उजेड दिसायला लागला की त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन सांगा, ‘अहो, पूल आला.’