थाप, टिपरू आणि व्होल्टेज: वाचकांचे प्रश्न

चामड्यावर पडलेल्या थापेचं व्होल्टेज करून त्यावर मॉड्युलर सिंथ (सुट्या भागांना तारांनी जोडून आवाज घडवणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजवायचा, या खटाटोपाबद्दल ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यांतले पाच प्रश्न आज घेतो.

प्रश्न (नौपाडा): मी ढोल-ताशा पथकात ढोल वाजवतो. ढोलाला पायझो चकती (कंपनाचं व्होल्टेज करणारी) चिकटवून एलएम393 कम्पॅरेटर (व्होल्टेज ठरलेल्या पातळीवर गेलं की इशारा देणारी चिप) लावला. थाप एकच मारतो, पण सिंथ तीन-चार वेळा वाजतो. सर्किट बिघडलंय का?

सर्किट ठीक आहे, ढोल घुमतोय. थापेनंतर 70 हर्ट्झच्या आसपासची लहर उरली, तर तिचं एक आवर्तन साधारण 14 मिलिसेकंदांचं. दर आवर्तनात लहर थ्रेशोल्ड, म्हणजे ती ठरलेली पातळी, ओलांडते आणि कम्पॅरेटरला तेवढ्या वेगळ्या थापा दिसतात. थ्रेशोल्ड वर नेला तर हलकी थाप हरवते. तो मार्ग घेऊ नका.

कम्पॅरेटरनंतर 555 चा मोनोस्टेबल टाका, म्हणजे एका इशाऱ्याला एकच ठरलेल्या लांबीचा पल्स देणारा टायमर. एकदा पेटला की ठरलेला वेळ तो दुसरं काही ऐकत नाही. वेळ म्हणजे 1.1 गुणिले आर (रेझिस्टर) गुणिले सी (कपॅसिटर). 150 किलोओहम आणि 0.47 मायक्रोफॅरड घेतलेत तर सुमारे 78 मिलिसेकंद मिळतात, ढोलाला ते पुरतात. सिग्नल कम्पॅरेटरच्या इन्व्हर्टिंग पायावर द्या, म्हणजे थापेला आउटपुट खाली येईल. एलएम393 चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ते फक्त खाली खेचतं, तेव्हा वर खेचणारा 10 किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर हवाच. तिथून 555 च्या पाय 2 ला (ट्रिगरच्या पायाला) थेट तार जोडू नका. मध्ये 1 नॅनोफॅरडचा कपॅसिटर ठेवा आणि पाय 2 वर वेगळा 10 किलोओहमचा पुल-अप द्या. नाहीतर कम्पॅरेटर खालीच राहिला, तर 555 बंदच होणार नाही.

हेच आकडे तबल्याला लावू नका. मिनिटाला 300 मात्रांची लय आणि मात्रेत चार बोल, म्हणजे दोन बोलांत जेमतेम 50 मिलिसेकंद. 78 मिलिसेकंदांच्या कुलपात दर दुसरा बोल गडप होईल. तबल्याला 47 किलोओहम घ्या, साधारण 24 मिलिसेकंद मिळतील.

प्रश्न (ऐरोली): माझ्या तबल्याचा ट्रिगर नीट चालतो, पण हलका 'ती' आणि जोरकस 'ना' सिंथवर सारखेच वाजतात. हाताचं वजन कुठे गेलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. ट्रिगर फक्त 'बोल पडला' एवढंच सांगतो. किती वजनाने पडला हे सांगायला दुसरा रस्ता हवा, आणि तो पहिल्यापासूनच ठेवायला हवा.

पायझोचा सिग्नल आधी बफरमधून (सिग्नलवर भार न टाकता तो पुढे देणाऱ्या सर्किटमधून) घ्या. 27 मिलिमीटरच्या चकतीची धारकता साधारण 20 नॅनोफॅरड असते. तिला 10 किलोओहमचा इनपुट दिलात तर 800 हर्ट्झच्या खालचं सगळं गळतं आणि तबला पत्र्यासारखा वाजतो. 1 मेगाओहम द्या, ती मर्यादा 8 हर्ट्झपर्यंत उतरते. टीएल072 हा ऑप-ॲम्प इथे छान चालतो. पुढे पीक डिटेक्टर, म्हणजे सिग्नलचं शिखर धरून ठेवणारं सर्किट: ऑप-ॲम्प, त्याच्या फीडबॅकच्या आत डायोड, मग 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर 1 मेगाओहम. कपॅसिटर 0.1 सेकंदाच्या कालांकाने रिकामा होतो, म्हणजे वजन क्षणभर टिकून विरतं. हे व्होल्टेज दुसऱ्या बफरमधून सिंथच्या व्हीसीएला (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाला) किंवा फिल्टरला द्या.

सॅम्पल अँड होल्ड (एका क्षणाचं व्होल्टेज मोजून धरून ठेवणारं सर्किट) वापरत असाल तर एक खाचखळगा सांगतो. ट्रिगर थापेच्या चढणीवरच सुटतो, तेव्हा शिखर यायचं असतं. लगेच मोजलंत तर प्रत्येक बोल हलका दिसेल. मोजणी दोन-तीन मिलिसेकंद उशिरा करा.

आणि चकती शाईवर कधीही चिकटवू नका. शाईच्या भारामुळेच पुडीचे अधिस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) सुरेल गुणोत्तरात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये मांडलं होतं. त्या भारात भर घातलीत तर सूर बिघडणारच. लाकडी खोडावर, पुडीच्या जवळ लावा. सिग्नल कमी येईल, तो वाढवता येतो.

प्रश्न (वाशी): दायाँवर (उजव्या हाताच्या तबल्यावर) 'ना' वाजवला की डग्ग्याचाही ट्रिगर उडतो.

दोन्ही चुंबळी एकाच फळीवर असतील तर कंपन फळीतून जातं. प्रत्येक चुंबळीखाली वेगळा जाड फोम घाला. बराच त्रास तिथेच संपतो.

इलेक्ट्रॉनिक ड्रममध्ये एक पॅड वाजलं की शेजारचं काही क्षण बंद ठेवतात. तबल्याला ते चालणार नाही, कारण 'धा' मध्ये दोन्ही एकदम वाजतात. त्याऐवजी दायाँच्या पीक व्होल्टेजचा थोडा अंश 470 किलोओहममधून डग्ग्याच्या थ्रेशोल्डमध्ये मिसळा. दायाँ वाजताना डग्ग्याचा थ्रेशोल्ड किंचित वर जातो. फळीतून आलेलं कंपन खाली राहतं, 'धा' ची खरी घुमक वरून निघून जाते. नेमकं मूल्य कानानेच ठरवा.

प्रश्न (घोडबंदर रोड): सतत गुणगुण ऐकू येते. पॉवर सप्लाय बदलू का?

आधी तारेला हात लावून पाहा. गुणगुण बदलली तर दोष तारेत आहे. शिल्डेड केबल वापरा आणि बफर चकतीशेजारीच बसवा. डग्गा धातूचा असेल तर चकतीच्या पितळी बाजूखाली इन्सुलेशन टेप हवीच. हाताने काहीच फरक पडला नाही, तर मग सप्लाय आणि अर्थिंग तपासा.

प्रश्न (कोपरखैरणे): युरोरॅकला (मॉड्युलर सिंथच्या एका प्रचलित मांडणीला) जोडताना काय सांभाळू?

सप्लाय अधिक-उणे 12 व्होल्टचा असतो. रिबन केबलची लाल कड उणे 12 कडे. उलटी लागली तर चिप जाते, म्हणून दोन्ही रेलवर (अधिक आणि उणे सप्लायच्या तारांवर) 1एन5817 डायोड बसवा. जोरदार टिपरू पडलं की पायझो दहांच्या पटीत व्होल्टही काढू शकतो, तेव्हा इनपुटला 10 किलोओहम आणि दोन्ही रेलकडे एकेक 1एन4148 डायोड लावा. 12 व्होल्टवर 555 चं आउटपुट साडेदहाच्या आसपास येतं. 10 किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी ते अर्ध्यावर आणलंत की गेटला (सिंथला 'वाज' सांगणाऱ्या इशाऱ्याला) लागणारे 5 व्होल्ट मिळतात. हे सगळे पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका फेरीत मिळतील. चकत्या मात्र चार-पाच जास्तीच्या घ्या. डाग देताना सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकलं तर सिरॅमिकवरचा चांदीचा थर निघून येतो.