दोन हॅमस्टर बहिणी रक्त येईपर्यंत भांडतात, मोठा पिंजरा आणला तर जमेल का?

तुम्ही लिहिलंय की एका वेताच्या दोन सोनेरी हॅमस्टर बहिणी आहेत. लहान होत्या तेव्हा एकमेकींना बिलगून झोपायच्या. आता अडीच महिन्यांच्या झाल्यावर रोज रात्री भांडतात आणि काल एकीच्या ढुंगणाजवळ रक्त दिसलं. मोठा पिंजरा घेतला तर मिटेल का, आणि वेगळ्या केल्या तर एकट्या पडतील का, हे तुमचे दोन प्रश्न.

मोठ्या पिंजऱ्याने मिटणार नाही. दोघींना आत्ताच वेगळं करा, आणि कायमचं करा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

दुसरा पिंजरा हाताशी नसेल तर आजच्या रात्रीपुरता उंच भिंतींचा मोठा प्लास्टिकचा टब चालतो. वर जाळी टाकून कडेने वजन ठेवा. पुठ्ठ्याचा खोका नको, रात्रीत कुरतडून बाहेर येईल. जखमी असलेलीला या नव्या, स्वच्छ जागेत ठेवा आणि भुशाऐवजी साधा, वास नसलेला टिश्यू पेपर फाडून द्या, म्हणजे जखमेत धूळ जाणार नाही. पाण्याची बाटली, खाणं आणि लपायला काहीतरी दोघींकडे हवं. एकाच पिंजऱ्यात मध्ये जाळी लावून दोन भाग करायचा मोह होतो, तो टाळा. जाळीतून नाक आणि पायाची बोटं चावली जातात, आणि शत्रूचा वास रात्रभर नाकाशी राहतो. वेगळं करताना त्या जुंपलेल्या असतील तर हात घालू नका, मध्ये पुठ्ठा सरकवा किंवा एकीवर जाड टॉवेल टाका. त्या क्षणी त्या समोर येईल त्याला चावतात, अगदी रोज हातावर बसणारी असली तरी.

आता त्या असं का करतात ते सांगतो, कारण ते कळलं की ‘पुन्हा एकदा एकत्र ठेवून बघू’ हा विचार मनात येत नाही.

सोनेरी हॅमस्टर मूळचा उत्तर सीरियातल्या अलेप्पोच्या आसपासचा आणि त्याला लागून असलेल्या तुर्कस्तानच्या पट्ट्यातला. १९३० मध्ये इस्राएल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या शेतातलं बीळ खणून एक मादी आणि तिची ११ पिल्लं मिळवली. जगभरातले आजचे बहुतेक पाळीव सोनेरी हॅमस्टर त्यातल्या जगलेल्या मोजक्या पिल्लांचे वंशज आहेत. पुढे संशोधकांनी तिथली रानातली बिळं मोजली. ती ३६ ते १०६ सेंटिमीटर खोल होती, आणि एकाही बिळात दोन प्रौढ हॅमस्टर राहताना आढळले नाहीत. बिळात एकाहून जास्त जीव दिसले तर ती आई आणि तिची दूधपिती पिल्लं. पिल्लं खायला लागली की आपापल्या वाटेला जातात आणि प्रत्येक जण स्वतःचं बीळ करतो.

तुमच्या बहिणी बिलगून झोपायच्या ते पिल्लांचं वय होतं, त्यात ऊब हवी असते. दीड-दोन महिन्यांनी त्या वयात येतात आणि ते वागणं संपतं. ही जात माणसाळली, पण एकटं राहण्याची तिची गरज गेली नाही. बहीण आहे हे नातं त्यानंतर त्यांच्या लेखी उरत नाही.

त्यात दोन्ही माद्या असल्या म्हणजे सुरक्षित, असा एक समज फार पसरलेला आहे. या जातीत मादी नरापेक्षा मोठी असते आणि जास्त आक्रमकही. ती साधारण दर चार दिवसांनी माजावर येते. त्या रात्रीचे काही तास सोडले तर नरालाही जवळ उभा करत नाही, अंगावर धावून जाते.

तुम्ही रात्री नीट पाहिलंत तर हेच दिसलं असेल. आधी एक दुसरीच्या कुशीजवळ नाक नेते. सोनेरी हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर केसांखाली एकेक काळपट ठिपका असतो, ती गंधग्रंथी. तो ठिपका भिंतींवर घासून ते आपली हद्द आखतात. मग दोघी मागच्या पायांवर उभ्या राहतात, दातांची बारीक कटकट ऐकू येते, आणि पुढच्याच क्षणी दोघींचा एक गोळा होऊन गडगडतो. चिरकणारी असते ती हरणारी. ती सुटून पळते. रानात भांडण इथेच संपतं, कारण पळायला शेत पडलेलं असतं. पिंजऱ्यात ती पळून पळून समोरच्या भिंतीपर्यंत जाते, जिंकलेलीला ती अजूनही आपल्या हद्दीतच दिसते, आणि पाठलाग पुन्हा सुरू होतो. म्हणून चावे बहुतेक मागच्या बाजूला असतात, शेपटीजवळ, पोटाखाली, गुप्तांगापाशी. मोठ्या पिंजऱ्यात फक्त पळायचं अंतर वाढतं. हद्द एकच राहते.

‘काही दिवस भांडतील, मग एक दबेल आणि शांतता होईल’ असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो मानू नका. हॅमस्टरच्या हरण्यावर प्रयोगशाळेत भरपूर अभ्यास झाला आहे. एकदा सपाटून हरलेला सोनेरी हॅमस्टर पुढे कितीतरी दिवस, स्वतःपेक्षा लहान आणि निरुपद्रवी हॅमस्टरसमोरही लढत नाही, नुसता पळतो. बाहेरून ती शांतता दिसते, आतून तो जीव सतत भेदरलेला असतो. अशी हॅमस्टर खायला बाहेर येत नाही, सगळा साठा दुसरीच्या कोपऱ्यात जमतो, ही वाळत जाते. मग एका सकाळी ती मेलेली सापडते आणि लोक म्हणतात, काल तर भांडणही झालं नव्हतं.

एकटेपणाचं म्हणाल तर तुमची काळजी मला पटते. आपण माणसं कळपात राहणारी, आपल्याला एकटा जीव बघवत नाही. पण या प्राण्याला सोबत म्हणजे धोका. त्याला हवी असते जागा आणि खणायला खोल भुसा. प्रत्येकीला निदान १०० बाय ५० सेंटिमीटरचा एकसंध तळ द्या. मजले आणि नळ्यांचे जोड त्यात धरू नका. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात सोनेरी हॅमस्टरना १०, ४० आणि ८० सेंटिमीटर खोल भुसा दिला होता. १० वाल्यांनी गज सर्वात जास्त कुरतडले, ८० वाल्यांनी कुरतडलेच नाहीत. घरात ८० जमणं कठीण, पण एका बाजूला ३०-४० सेंटिमीटर तरी भरा. चाक २८ सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचं हवं, पाठ वाकणार नाही असं. वेगळं झाल्यावर दबलेली हॅमस्टर हळूहळू चाकावर चढायला लागते, गाल भरभरून दाणे आपल्या बिळात नेते, हे मी पाहिलंय. तेव्हा तुमची शंका आपोआप जाईल. एक छोटी गोष्ट: एकीला हातात घेतल्यावर दुसरीला घेण्याआधी हात धुवा. बहिणीचा वास लागलेलं बोट ती चावू शकते.

आता जखम. रक्त दिसलं तो एकच चावा असेल असं धरू नका. चांगल्या उजेडात फुंकर मारून केस उलटे करत ढुंगण, पोट आणि मांड्यांचा आतला भाग तपासा, खपल्या केसांत लपतात. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवून कापसाने हलकेच पुसा. माणसांची मलमं लावू नका, ती चाटून पोटात जातात. हॅमस्टरचे दात बारीक आणि खोल जातात, वरून जखम बुजते आणि आत पू होऊन गळू धरतं. म्हणून लहान वाटली तरी छोट्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा. घरातली अँटिबायोटिकची गोळी चुकूनही देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं आणि क्लिंडामायसिन हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात. मग घातक जंतू वाढून जुलाबाने जीव जातो. माणसाला साधं वाटणारं औषध इथे विष ठरतं.

दोघी खरंच माद्या आहेत का, हेही त्याच भेटीत तपासून घ्या. विकताना लिंग सर्रास चुकीचं सांगितलं जातं. एक नर निघाला तर मादी गाभण असू शकते, आणि सोनेरी हॅमस्टरचा गर्भकाळ अवघा १६ दिवसांचा आहे. पोट दिसेपर्यंत वेळ निघून जातो.

उत्तर वाचणाऱ्या इतरांकडे बुटके हॅमस्टर असतील तर थोडक्यात: कँपबेल, विंटर व्हाइट आणि रोबोरोव्हस्की या जातींच्या काही जोड्या टिकतात, बऱ्याच पुढे फुटतात. ठेवायच्याच असतील तर घर, चाक, बाटली, वाटी सगळं दोन-दोन, घराला दोन दारं, आणि जादाचा पिंजरा पहिल्या दिवसापासून तयार. चायनीज हॅमस्टर मात्र एकेकटाच.

दोन पिंजरे सांभाळणं झेपणार नसेल तर एकीसाठी माहितीतलं चांगलं घर शोधा, जिथे दुसरा हॅमस्टर तिच्या पिंजऱ्यात सोडणार नाहीत असं नक्की माहीत आहे. तोवर जखमी असलेलीला रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटीत बसवून तोला आणि आकडा लिहून ठेवा. वजन सलग उतरत गेलं, किंवा चाव्याच्या जागी गाठ हाताला लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे न्या.