दुर्मीळ वनस्पतींच्या संवर्धनात फील्ड बॉटनिस्ट नेमकं काय काम करतो?

फुलांचे फोटो काढत डोंगर फिरायचा, असं वाटत असेल तर ते निम्मंच खरं. उरलेलं निम्मं म्हणजे गुडघे टेकून मोजदाद. १ मीटरचा चौकोन आखायचा आणि आतलं एकेक रोप मोजायचं: फुलावर आलेली किती, नुसती पानं असलेली किती, यंदा उगवलेली किती. मला हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०० म्हातारी झाडं आहेत पण खाली एकही रोपटं नाही, म्हणजे ती जात संपत चाललीय, वरून सगळं हिरवंगार दिसत असलं तरी.

बी गोळा करताना हात आखडताच. त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त घ्यायच्या नाहीत, असा दंडक आहे. मग त्या वाळवून उणे २० अंशांवर बियाणे बँकेत ठेवतात. (ओक, आंबा यांच्या बिया वाळल्या की मरतात, तिथे ही युक्ती चालत नाही.)

आणि हो, दुर्मीळ ऑर्किड सापडलं तर फोटो टाकण्याआधी त्यातलं लोकेशन काढून टाका. ऑर्किड चोरणारेही तेच फोटो बघत असतात.