महापालिका म्हणते, ओला कचरा उचलणार नाही: सोसायटीने काय करायचे?

प्रश्न: आमची ७६ सदनिकांची नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटी आहे आणि मी सचिव आहे. गेल्या महिन्यात महापालिकेच्या आरोग्य विभागाची नोटीस आली. तुम्ही मोठे कचरा निर्माते आहात, ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करा, नाहीतर १५ दिवसांनी ओला कचरा उचलणे बंद होईल आणि दंडही होईल, असे त्यात आहे. नोटिशीत २०१६ च्या नियमांचा उल्लेख आहे. आमच्या सफाई कामगाराच्या अंदाजाने रोज साधारण ८० किलो कचरा निघतो. बिल्डरने २०१८ मध्ये ताबा देताना खताचे दोन खड्डे दिले होते, पण पाणी साचून ते बंद पडले. आता मागच्या मोकळ्या जागेत खतप्रकल्प करायचा म्हटले, तर तळमजल्यावरच्या एका सभासदाने वकिलामार्फत हरकत घेतली आहे. दहा-बारा घरे तर कचरा वेगळा करायलाच तयार नाहीत. त्यांचे पाणी बंद करावे, असा आग्रह काही सभासद धरत आहेत. आम्ही नक्की कशाला बांधील आहोत?

उत्तर: तुमच्या पत्रात दोन वेगळी बंधने एकत्र आली आहेत. कचरा वेगळा करून देणे प्रत्येक घराला बंधनकारक आहे, मग सोसायटी आठ घरांची असो की आठशे. ओल्या कचऱ्यावर आवारात प्रक्रिया करण्याची सक्ती मात्र प्रामुख्याने मोठ्या कचरा निर्मात्यांवर आहे. नोटीस दुसऱ्या बंधनाची आहे, तर दहा-बारा घरांचा वाद पहिल्या बंधनाचा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळी द्यावी लागतील.

आधी नियमांचे पाहू. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केलेले घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आता मागे पडले आहेत. त्यांच्या जागी २०२६ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले आहेत. नोटिशीत जुन्या नियमांचा उल्लेख आहे म्हणून ती आपोआप रद्द होईल, अशी आशा धरू नका. अधिकाऱ्याला मुळात अधिकार असेल, तर चुकीचे कलम लिहिल्याने त्याची कारवाई अवैध ठरत नाही, असे न्यायालये सातत्याने मानत आली आहेत. उत्तरात हा मुद्दा एका ओळीत नोंदवा आणि पुढे जा.

तुम्ही मोठे निर्माते आहात की नाही, हे तीन निकषांवर ठरते: एकूण चटईक्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त, पाण्याचा वापर रोज ४०,००० लिटर किंवा जास्त, अथवा कचरा रोज १०० किलो किंवा जास्त. तिन्हींपैकी एक लागू झाला तरी पुरे. जुन्या नियमांत मोठ्या निर्मात्याची व्याख्या वजनावरच होती, त्यामुळे ‘आमचा कचरा ऐंशीच किलो’ हे उत्तर बहुधा चालून जायचे. आता तुमची अडचण पाण्याच्या निकषाची आहे. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन माणशी रोज १३५ लिटर धरून केले जाते. घरटी चार माणसे धरली तर ७६ घरांचे ३०४ रहिवासी होतात आणि पाणी ४१,०४० लिटर. म्हणजे कचऱ्यात सुटलात तरी पाण्यात अडकण्याची दाट शक्यता आहे. अर्थात ही अंदाजी आकडेमोड झाली. प्रत्यक्ष वापर काढण्यासाठी मागच्या बारा महिन्यांची मीटरची बिले आणि टँकरच्या पावत्या एकत्र करा, एकूण लिटरला ३६५ ने भागा आणि तो कागद लेखापरीक्षकाकडून तपासून घ्या. आकडा ४०,००० च्या वर गेला, तर नोटिशीशी भांडण्यात वेळ घालवू नका.

तरीही वजन कराच. प्रकल्प किती मोठा हवा, हे त्यावरच ठरेल, आणि ‘कामगाराचा अंदाज’ कोणत्याही सुनावणीत टिकत नाही. साधा प्लॅटफॉर्म काटा घ्या आणि सलग सात दिवस, रविवार धरून, रोज एकाच वेळी वजन करा. रिकाम्या डब्याचे वजन आधी करून डब्यावरच रंगाने लिहून ठेवा. मोठा प्लास्टिकचा डबा दहा किलोच्या आसपास भरतो. ते वजा करायचे राहून गेले, तर आकडा विनाकारण फुगतो. ओला, सुका आणि इतर असे तीन रकाने करा आणि रोजच्या नोंदीवर कामगाराची व समितीच्या एका सदस्याची सही घ्या. सणाचा आठवडा टाळा. महापालिकेने तुम्हाला यादीत कशाच्या आधारे घातले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस आहे.

निकषात बसलात असे धरून पुढचे सांगतो. मोठ्या निर्मात्याने केंद्रीय पोर्टलवर नोंदणी करायची आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. जागेअभावी ते खरोखर शक्य नसेल, तर नव्या नियमांत विस्तारित जबाबदारीचे प्रमाणपत्र, म्हणजे तुमच्या वाट्याच्या ओल्या कचऱ्यावर बाहेर प्रक्रिया झाल्याचा दाखला, घेण्याची सोय आहे. ती अपवादासाठी आहे. मागे मोकळी जागा असताना तो रस्ता धरलात, तर ‘शक्य का नाही’ हा प्रश्न पहिल्याच तपासणीत येईल. नोंदणी न करणे किंवा खोटी माहिती भरणे यासाठी पर्यावरण भरपाई आकारता येते, म्हणून पोर्टलवर तोच आकडा भरा जो तुमच्या वजनाच्या वहीत आहे.

महापालिकेला मात्र एक गोष्ट ठामपणे सांगा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार कचरा हटवणे हे तिचे बंधनकारक कर्तव्य आहे. मोठ्या निर्मात्याचा ओला कचरा ती नाकारू शकते. वेगळा करून दिलेला सुका कचरा, सॅनिटरी कचरा आणि ओल्यावर प्रक्रिया करून उरलेला अवशेष यांची व्यवस्था ती झटकून टाकू शकत नाही. गाडी सगळाच कचरा उचलणे बंद करत असेल, तर तारीखवार फोटो काढा आणि आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. गरज पडली तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा आधार हेच कागद असतील.

आता वर्गीकरण. २०१६ च्या नियमांत तीन प्रवाह होते आणि गुंडाळलेले डायपर व सॅनिटरी पॅड सुक्या डब्यात टाकायला सांगितले होते. २०२६ पासून प्रवाह चार झाले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा. या शेवटच्या गटात रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचे थर्मामीटर, उरलेली औषधे अशा वस्तू येतात आणि त्या अधिकृत संस्थेकडे किंवा ठरलेल्या संकलन केंद्रावरच द्यायच्या. जिन्यात जुना तीन डब्यांचा तक्ता लावलेला असेल तर आजच काढा. तुमचाच फलक चुकीचा असेल, तर सभासदाला दंड करणे अवघड जाईल. सुक्या कचऱ्याबद्दल एवढेच: दुधाची पिशवी कापून, धुऊन, वाळवून द्या. कागदाला आमटी लागली की तो रद्दी राहत नाही. तो थेट भरावभूमीत (कचरा पुरण्याच्या जागी) जातो, आणि नव्या नियमांप्रमाणे तिथे पुनर्वापर, पुनर्चक्रण किंवा ऊर्जानिर्मिती यांपैकी काहीच शक्य नसलेला कचराच जायला हवा.

दहा-बारा घरांचे पाणी बंद करू नका. पाणी ही जीवनावश्यक सेवा आहे. ती तोडली की कचऱ्याचा मूळ वाद बाजूला पडतो आणि समितीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. योग्य मार्ग उपविधींतून जातो. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका काढताना ‘कचरा वर्गीकरण व उल्लंघनासाठी दंड’ हा विषय स्पष्ट लिहा. ‘आयत्या वेळच्या विषयांत’ केलेला असा ठराव सहकार न्यायालयात टिकवणे कठीण. ठरावात चार प्रवाह, कचरा द्यायची वेळ आणि दंडाची रक्कम लिहा; रक्कम तुमच्या उपविधींतील कमाल मर्यादेच्या आत हवी. मग प्रत्येक घराची नोंद ठेवा: मिश्र कचरा मिळाल्याची तारीख, कामगाराची सही आणि त्याच दिवशी दिलेली लेखी सूचना. पुन्हा घडले तर कारणे दाखवा नोटीस द्या, म्हणणे ऐकून घ्या आणि त्यानंतरच दंड लावा. ऐकून न घेता बिलात चढवलेला दंड वसूल होत नाही, हे समित्या नेहमी विसरतात. घर भाड्याने दिलेले असेल, तर नोटीस सभासदाच्या नावे काढा आणि प्रत भाडेकरूला द्या.

एक कळकळीची विनंती. कोणाच्या पिशवीतून काय निघाले, याचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. त्यातून बदनामीची तक्रार उभी राहू शकते. आणि मिश्र कचरा सफाई कामगाराला हाताने वेगळा करायला लावू नका. काच, सुया, वापरलेली ब्लेड त्याच्या हाताला लागतात. मिश्र पिशवी दारातच परत देण्याचा अधिकार त्याला ठरावातच लेखी द्या.

तळमजल्यावरच्या सभासदाची हरकत हलक्यात घेऊ नका. नियमांनी खत करायला सांगितले म्हणून दुर्गंधी करण्याची मुभा मिळत नाही. सतत वास, माश्या आणि निचऱ्याचे पाणी असेल, तर उपद्रव म्हणून दिवाणी मनाई हुकूम मिळू शकतो. मात्र केवळ वास येईल या भीतीवर प्रकल्प सहसा थांबत नाही. खरा त्रास किंवा त्याची ठोस शक्यता दाखवावी लागते. तुमचा बचाव म्हणजे नीट चालवलेला प्रकल्प आणि त्याची नोंदवही. जागा निवडताना खिडकीपासून, पाण्याच्या टाकीपासून आणि अग्निशमन गाडीच्या मार्गापासून लांब राहा. मंजूर नकाशातील पार्किंगची जागा वापरू नका.

८० किलोत ओला ४५ किलोच्या आसपास असेल, असे धरतो. त्यासाठी साधारण एक घनमीटरचे, चारही बाजूंनी हवा खेळणारे पाच खाने पुरतील. एक खाना दहा-बारा दिवसांत भरतो, चौथा भरेपर्यंत पहिल्यातले खत तयार होत येते आणि पाचवा पिकायला ठेवण्यासाठी. रोज एक बादली ओल्या कचऱ्याला पाऊण ते एक बादली वाळलेला पाला किंवा भुसा मिसळा. वासाचे मूळ जवळजवळ नेहमी इथेच असते. पाला संपला की ओला कचरा लगदा होतो, हवा कोंडते आणि सडका वास सुटतो. अमोनियाचा झणझणीत वास आला, तर नत्र जास्त आणि पाला कमी. मूठभर मिश्रण घट्ट दाबून पाहा: बोटांमधून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर पाला वाढवा. ढिगाच्या आत तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसला गेले पाहिजे. साधा दांडीचा थर्मामीटर पुरतो. आठवड्यातून एकदा ढीग उलटा. वरून छप्पर आणि खाली निचऱ्याची नाली हवीच. बिल्डरचे खड्डे याच दोन गोष्टींअभावी बुडाले असणार. ‘२४ तासांत खत’ देणाऱ्या यंत्रांपासून सावध राहा. त्यातून निघते ती बहुतेक वेळा नुसती वाळवलेली भुकटी. तिला पाणी लागले की ती पुन्हा कुजू लागते, आणि तळमजल्यावरच्या सभासदाला आयता पुरावा मिळतो. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे शहरी खतातील कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर २० च्या आत लागते. यंत्र घ्यायचेच असेल, तर तेवढ्या गुणवत्तेची हमी खरेदी करारात लिहून घ्या.

बिल्डरकडून काही मिळणे आता कठीण. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे बांधकामातील दोष बिल्डरला कळवण्याची मुदत ताब्यापासून पाच वर्षे आहे आणि तुमची ती उलटली. खर्चासाठी सिंकिंग फंडाला हात लावू नका. रोजचा चालवण्याचा खर्च सेवाशुल्कात, सर्व सदनिकांना समान लावा. भांडवली खर्चासाठी सर्वसाधारण सभेत वेगळी वर्गणी मंजूर करून घ्या.

बागेतला पाला जाळणे आजपासून बंद करा. राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई आहे. शिवाय तोच पाला तुमच्या खताला रोज लागणार आहे. पोत्यांत भरून पावसापासून झाकून ठेवा.

नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपण्याआधी, आणि ती उलटली असेल तर ताबडतोब, उत्तर पोहोचले पाहिजे. त्यात सात दिवसांच्या वजनाचा तक्ता, पाण्याचा हिशेब, प्रकल्पाच्या जागेचा नकाशा आणि सभेच्या सूचनेची प्रत जोडा. उभारणीसाठी ६० दिवसांची मुदत मागा आणि तोपर्यंत वर्गीकृत ओला कचरा उचलत राहावा, अशी लेखी विनंती करा. उत्तर आवक विभागात देऊन प्रतीवर शिक्का घ्या आणि दुसरी प्रत प्रभाग कार्यालयाला ईमेल करा.