दोन वर्षं झाली नाहीत म्हणून गप्प बसायचं का?
(वाचकांचे प्रश्न, मे 2025)

प्रश्न : लेस्टरमधल्या एका मिठाईच्या दुकानात, मागच्या स्वयंपाकघरात मी अकरा महिने काम केलं, ताशी 11.44 पौंडांवर. 28 फेब्रुवारीला व्हायचा पगार झालाच नाही. 12 मार्चला मी मालकांना व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘हे माझ्या कामाचे पैसे आहेत, कायद्याने मिळायलाच हवेत. कधी देताय?’ 14 तारखेला ते म्हणाले, उद्यापासून येऊ नका. दोन वर्षं भरल्याशिवाय इथे कुणालाही काही करता येत नाही. तास मी रोज कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहायचे : फेब्रुवारीचे 96, मार्चचे 48. मी नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट आहे. ते म्हणतात, व्हिसाला धक्का लागेल, सोड ते पैसे.

उत्तर : ताई, सोडू नका. पण आधी तारीख बघा. कामावरून काढल्याबद्दल दावा करायची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी, म्हणजे 13 जून. फेब्रुवारीच्या पगाराची मुदत मात्र तो व्हायचा होता त्या दिवसापासून मोजतात, म्हणून तुम्ही 27 मे हीच शेवटची तारीख धरा. त्याच्या आत ‘एकॅस’ या सलोखा घडवणाऱ्या संस्थेचा ऑनलाइन फॉर्म भरा. तो भरल्याशिवाय ट्रायब्युनल, म्हणजे नोकरीचे तंटे ऐकणारं न्यायालय, अर्ज घेत नाही, आणि बोलणी चालू असेपर्यंत मुदतीचे दिवस थांबतात.

मालकांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. दोन वर्षांची अट आहे, पण ती नेहमीच्या बडतर्फीला. हक्काचा पगार मागितला म्हणून काढलं असेल तर ती अट लागत नाही. फक्त कारण तेच होतं हे तुम्हाला दाखवावं लागेल, आणि 12 तारखेचा मेसेज व 14 तारखेचं ‘येऊ नका’ यांत दोनच दिवस आहेत. तो मेसेज जपा. थकलेल्या पगाराला तर नोकरीच्या कालावधीची अटच नाही. तुमच्या 144 तासांचे, कर कापण्याआधी, 1,647.36 पौंड होतात. शिवाय एका आठवड्याच्या नोटिशीचे आणि न घेतलेल्या रजेचे पैसे मागा.

कालनिर्णयच्या पानांचे आजच फोटो काढा. पुसट झालेले आकडे पेनने गिरवू मात्र नका. त्याच दिवशी लिहिलेली पेन्सिल जास्त खरी वाटते.

खर्चाचं म्हणाल तर ट्रायब्युनलला आता फी नाही. 2014 साली माझे एका गोदामाकडे 340 पौंड अडकले होते. तेव्हा अर्जाला 160 आणि सुनावणीला 230 पौंड पडायचे. मी हिशेब केला आणि घरी बसले. 2017 साली युनिसन या कामगार संघटनेच्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने ती फी बेकायदा ठरवली, भरलेल्यांना ती परत मिळाली. माझे 340 गेले ते गेलेच. अजून टोचतं ते, म्हणून तुम्हाला इतकं हट्टाने सांगते आहे.

व्हिसाचं तुमच्या यजमानांना नीट समजावा. तुमची काम करायची परवानगी या दुकानावर अवलंबून नव्हती, आणि स्वतःचा पगार मागणं हा व्हिसाच्या अटींचा भंग नाही.

आणखी एक. फॉर्ममध्ये दुकानाच्या पाटीवरचं नाव लिहू नका. पेस्लिपवर कंपनीचं जे नाव छापलंय तेच, अक्षरन् अक्षर, एकॅसलाही द्या आणि ट्रायब्युनललाही. दोन ठिकाणी दोन नावं पडली की अर्ज परत येऊ शकतो.