अठ्ठावन्न हजारांचा ट्रेलर आणि व्हॅनची एक फेरी

जुळे सोलापुरातील एका वाचक भगिनीने विचारले आहे की, चार वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी यांना सायकलमागे जोडायच्या ट्रेलरमध्ये बसवून बालवाडीत आणि त्याच आवारातल्या पाळणाघरात सोडता आले, तर व्हॅनचे महिन्याचे २,४०० रुपये वाचतील. त्यासाठी वाहतूक व सीमाशुल्क धरून ५८,००० रुपयांना पडणारा परदेशी ट्रेलर क्रेडिट कार्डाच्या बारा हप्त्यांत घ्यावा, की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून १४,००० रुपयांत तसाच बनवून घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे. त्या एका पतसंस्थेत नोकरी करतात आणि पती टॉवेलच्या कारखान्यात आहेत. दोघांचे मिळून ६२,००० रुपये घरी येतात, घरखर्च ४५,००० आहे, ५,००० म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत जातात आणि हाताशी ठेवीसह १,१०,००० रुपये आहेत.

ताई, आपण हिशेब मांडून पाठवलात हे चांगले केलेत, पण त्या हिशेबातली सर्वांत महत्त्वाची ओळ पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. दुपारी साडेबाराला मुलांना आणायला आपण जाऊ शकत नाही, म्हणून परतीची फेरी व्हॅनचीच राहणार, आणि व्हॅनवाले काका एका फेरीचे १,५०० रुपये मागतात. त्यांचे तरी काय चुकले? गाडी, डिझेल आणि चालक एका फेरीसाठीही तेवढेच लागतात. त्यामुळे आपली खरी बचत २,४०० नसून ९०० रुपये आहे. वर्षाचे दहा महिने बालवाडी धरली तर ती ९,००० रुपये होते. ५८,००० रुपये त्यातून भरून यायला सहा वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तोवर आपला मुलगा पाचवीत असेल.

ट्रेलरचे आयुष्य चाकांवर ठरत नाही, मुलांच्या वाढीवर ठरते. दोन मुलांच्या बहुतेक ट्रेलरांची भारमर्यादा सामानासह ४५ किलोच्या आसपास असते, त्यामुळे वजनाची अडचण लवकर येणार नाही. परंतु सहाव्या वर्षी मुलगा पहिलीत जाईल, शाळेची वेळ बदलेल, आणि दोघांना एकत्र नेण्याची गरजच संपेल. म्हणजे पुरा उपयोग दोन वर्षांचा. दोन वर्षांनी तो २०,००० रुपयांना विकला गेला असे मी हात राखून धरतो, आणि त्या काळातली व्हॅनची बचत १८,०००. ही ३८,००० ची रक्कम वजा केली तरी २०,००० रुपये उरतात, म्हणजे महिन्याला साधारण ८३३. रविवारी सकाळी सिद्धेश्वर तलावापर्यंत मुलांना घेऊन जाण्याच्या आनंदाची ही किंमत आहे, आणि ज्याच्या घरी शिल्लक आहे त्याने ती खुशाल द्यावी. मात्र तिला बचत म्हणू नये.

आपल्या घरी सध्या ती शिल्लक नाही. १,१०,००० रुपयांत आपले अडीच महिनेसुद्धा निघत नाहीत, आणि टॉवेलच्या ऑर्डरी मंदावल्या की आधी ओव्हरटाइम जातो, हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. चार महिन्यांचा खर्च, म्हणजे १,८०,००० रुपये, बाजूला असावेत. महिन्याला उरणारे १२,००० रुपये त्यात टाकल्यास सहा महिन्यांत ते होतील. त्याऐवजी कार्डावर वार्षिक १६ टक्क्यांनी बारा हप्ते केलेत, तर दरमहा सुमारे ५,२६० रुपये जातील. व्याजाचे ५,१५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ६,००० हून अधिक रुपये जादा पडतील, प्रक्रिया शुल्क वेगळेच.

आता १४,००० च्या पर्यायाबद्दल. मागाचे सुटे भाग घडवणाऱ्या हातांना सांगाडा आणि चाके अवघड नाहीत, आणि भाजी किंवा चादरींचे गठ्ठे वाहायचे असते तर मी लगेच होकार दिला असता. मुलांच्या ट्रेलरमध्ये पैसा जातो तो वेगळ्या ठिकाणी: सायकल आडवी झाली तरी ट्रेलर उभा ठेवणारी लवचीक जोडणी, ती तुटली तर धरून ठेवणारा दुसरा पट्टा, खांद्यांवरून व मांड्यांमधून येणारा पाच बिंदूंचा बेल्ट आणि उलटल्यास डोके वाचवणारी चौकट. युरोपात यासाठी ईएन १५९१८ हे मानक आहे. ओळखीतल्या कारागिराने जोडणीच्या जागी साधी खीळ घातली, तर ती कमी पडल्याचे कळण्याची वेळ चुकीची असेल. तेव्हा तो पर्याय स्वस्त असूनही मी मोडीत काढतो.

माझे मत असे की नवा ट्रेलर घेऊ नये. पुण्यात किंवा बेंगळुरूत कोणाची मुले मोठी झाल्यामुळे वापरलेला, प्रमाणित ट्रेलर २२,००० रुपयांच्या आत मिळाला, तर जरूर विचार करावा, कारण पहिल्या मालकाने घसारा सोसलेला असतो आणि आपल्यालाही तो फारशा तोट्याविना विकता येतो. पण पैसे देण्यापूर्वी टेप घेऊन जिन्याखालची जागा मोजा. दोन आसनी ट्रेलर ७५ ते ८० सेंटिमीटर रुंद असतो, आणि रोज तो दुमडून वर न्यायचा झाला तर महिन्याभरात त्यावर वाळत घातलेले कपडे दिसू लागतात. आपल्या सायकलच्या मागच्या आसाला जोडणी बसते का, हेही आधी पाहा. इलेक्ट्रिक स्कूटरला तो जोडण्याचा विचार मात्र सोडून द्या, तो सायकलच्या वेगासाठीच बनवलेला असतो.

तोवर रविवारच्या फेरीसाठी दोन बालआसने घ्या. आपण चौकशी केलेल्या दुकानातच ती प्रत्येकी ३,५०० रुपयांना आहेत. मागच्या आसनांची मर्यादा बहुधा २२ किलो असते, त्यामुळे दोन्ही मुलांना ती पुरतील: मुलगी आपल्या सायकलवर, मुलगा वडिलांच्या. हेल्मेटचा खर्च यात धरू नका, कारण मुले आजही वडिलांच्या मोटारसायकलवर बसतात, आणि २०२२ च्या केंद्रीय नियमानुसार नऊ महिन्यांवरील मुलांना तिथे हेल्मेट लागतेच. पार्किंगमध्ये दोन वर्षे पंक्चर होऊन पडलेली यजमानांची सायकल या आठवड्यात दुकानात टाका. ट्यूब बदलून तेलपाणी केले तरी व्हॅनच्या महिन्याभराच्या भाड्यापेक्षा कमीच खर्च येईल.